बावीस ग्रॅम

सावद्याच्या पोस्टात भर दुपारी
पंखा फिरतो तो फक्त माझ्या बाजूनं.
जाळीपलीकडे चंद्रभागाबाई फिरके
पाकीट काट्यावर ठेवतात,
हात मात्र काढत नाहीत.
हात काढा बाई, हाताचंही वजन भरतं.

बावीस.
उचलून पुन्हा ठेवतो. बावीस.
विसापर्यंत पाच रुपये, मी म्हणतो,
वर एक ग्रॅम जरी गेला
तरी पुढच्या विसाचे पाच. आणखी तिकीट लागेल.
"दोन ग्रॅमचे पाच रुपये?"
दोनचे नाही, विसाचे.
अठरा तुम्ही वापरले नाहीत, एवढंच.
"मंग त्या अठरात काय लिहू आता?"

मी दर सांगत सुटतो, पाढा म्हणावा तसा.
कार्ड पन्नास पैसे,
पण ते नाणं आता कुणाच्याच गल्ल्यात नाही
म्हणून लोक जोडीनं घेतात.
अंतर्देशीय अडीच, त्यात काही घालायचं नाही.
पाकीट पाच.
फैजपूरला पाच, उधन्याला पाच.
"आन कन्याकुमारीले?"
तिथंही पाच.
"म्हंजे लांबचं आन जवळचं तुमच्यात एकच."
एकच. आम्ही फक्त वजन विचारतो.

आत काय आहे?
"भरताच्या वांग्याचं बी, बामणोदचं.
आन एक कागद."
कागद काढा, नुसतं बी बसेल विसात.
बाई गप्प.
मग बी काढा, नुसता कागद जाऊ द्या.
बाई आणखी गप्प.
मागे केळीच्या वखारीतला मुनीम
पावत्यांनी वारा घेत उभा.

"नाही लावलं तिकीट तं काय होतं?"

बैरंग होतं.
पाचाची तूट, तिच्या दुप्पट दहा,
ते घेणाऱ्याकडून.
"मंग पोस्टमन दारातून सरकवून जात नाही?"
नाही. कडी वाजवतो, नाव घेऊन हाक मारतो,
पैसे हातात पडल्याशिवाय पत्र सोडत नाही.
"आन तिनं घेतलंच नाही तं?"
मग उलटं फिरतं. शिक्के खाऊन तुमच्या दारी,
आणि दहा तुम्ही भरायचे.

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.
रुपये नसावेत ते.
पाच-दहाला इतका वेळ लागत नाही.

"नऊ वर्सं झाली भाऊ.
तीन पत्रं टाकली, पुरी तिकिटं लावून.
पायपुसण्याखाली गेली का चुलीत
मले काय कळनार?
हे असंच जाऊ दे."

मी सांगायला हवं होतं, रजिस्टर करा, पोच मिळेल.
अर्धं सांगितलंही.
तोवर त्या पायरी उतरून गेल्या
आणि लाल पेटीच्या तळाशी
बी खुळखुळल्याचा आवाज
मला जाळीपर्यंत ऐकू आला.
खरंच आला का, मुनीम म्हणेल नाही.

संध्याकाळी पेटी रिकामी करताना
ते पाकीट हाताला लागलं.
निंबाबाई झोपे, उधना.
अक्षर कुण्या शाळकरी पोराचं,
'बहिणीस' मात्र बाईंनी स्वतः लिहिलेलं, वाकडं.
माझ्या खिशात पाचाचं नाणं होतं.
दोन ग्रॅम म्हणजे वांग्याच्या पाचेकशे बिया,
पाच रुपयांत सुटला असता विषय.
नाणं चाचपलं, तसंच राहू दिलं.
शिक्का उचलला,
शाई भरून घेतली
आणि उमटवलं नीट, सरळ,
उधन्याच्या कुठल्याही पोस्टमनला
चष्म्याविना वाचता येईल असं:
बैरंग.

मंगळवारी बाई आल्या. "आलं का वापस?"
नाही.
पुढच्या मंगळवारी केळीच्या ट्रकमधून उतरल्या. नाही.
तिसऱ्या वेळी काही विचारलंच नाही,
घडी केलेली दहाची नोट
जाळीखालून अर्धी आत सरकवून उभ्या राहिल्या,
आलंच असेल तर भरायला.
नाही बाई. आजही नाही.

नोट परत पदराच्या गाठीत गेली.
गाठ मारायला दोनदा चुकल्या.
"मंग दिले म्हना तिनं दहा रुपये."
आणि जाताना, दारातून,
मला की मुनीमला की रस्त्याला, कळलं नाही,
"भलती चिकट आहे ती.
लहानपनी दहा पैसे सोडत नव्हती."